1200 पानं, 750 मिली

जाडजूड कादंबरीसोबत कोणती वाइन घ्यावी, हे सुसंस्कृत माणसाला ठाऊक असायलाच हवं. कादंबरी वाचलेली नसली तरी चालेल. पण पाहुणे आले आणि टेबलावरच्या ठोकळ्याशेजारी त्यांना भलतीच बाटली दिसली, तर इभ्रत जाते.

पहिली अडचण चवीची नाही, तारखांची. उघडलेली रेड वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तरी तीन-चार दिवसांत उतरते. टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’ला मात्र रोज 20 पानं वाचली तरी दोन महिने लागतात. हिशोबाने पंधरा-वीस बाटल्या झाल्या. घाबरू नका, तुम्ही जिथे थांबणार आहात तिथवर एक पुरते.

‘वॉर अँड पीस’ला शॅम्पेनच. रम नव्हे! त्यातला डोलोखव उंचावरच्या खिडकीत, पाय बाहेर सोडून, पैजेखातर रमची अख्खी बाटली रिचवतो, तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. तो सुरुवातीलाच आहे आणि बहुतेकांचं वाचन त्याच सुमारास आटोपलेलं असतं. (शिवाय आपल्या खिडक्यांना ग्रिल.) तुम्ही धूमकेतूचा विषय काढा. तो कादंबरीच्या नायकाला, पियेरला, मॉस्कोच्या आकाशात दिसतो दुसऱ्या खंडाच्या अगदी शेवटी, म्हणजे निम्मं पुस्तक वाचल्याचा पुरावा झाला. हा 1811चा धूमकेतू. त्या वर्षी फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात द्राक्षं अशी काही पिकली की ती वाइन धूमकेतूच्याच नावाने गाजली. नेपोलियन पडताच, 1814 मध्ये, तिथल्या वाइनवाल्या विधवा क्लिकोबाईंनी ती जहाजात भरून रशियाला धाडली; आणि ज्यांचं सैन्य दोनच वर्षांपूर्वी मॉस्कोत शिरलं होतं, त्यांची वाइन रशियन सरदार मिटक्या मारत प्यायले. त्यांना ती भयंकर गोडच हवी असे, लिटरला पाव किलोच्या घरात साखर. एवढी आपण श्रीखंडातच खपवून घेतो. दुकानात ‘ब्रूट’ लिहिलेली मिळते ती याच्या अगदी उलट, कोरडी ठणठणीत. ती समीक्षकांसाठी.

‘डॉन किहोते’ घेऊन बसलात तर पवनचक्क्यांचं नाव काढू नका. त्या आठव्याच प्रकरणात येतात. पस्तिसाव्यात हे महाशय खानावळीत झोपेतच तलवार उपसतात आणि राक्षस समजून रेड वाइनच्या कातडी पखाली फाडतात. त्यांचा सेवक सान्चो शपथेवर सांगतो, मी रक्त वाहताना पाहिलं! खानावळवाल्याचं नुकसान झालं ते वेगळंच. तेव्हा ला मांचाचीच रेड आणा, आणि टेबलावर मेणकापड अंथरा.

‘इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम’ लिहिणाऱ्या फ्रेंच प्रूस्तला काय द्यावं? चहात बुडवलेला केक सर्वांना माहीत, कारण तोही सुरुवातीलाच आहे. खंड एकूण सात. 1913 साली पहिला आला, 1927 साली शेवटचा. लेखक स्वतः 1922 सालीच गेला, त्यामुळे वाचकाने घाई करायचं कारण नाही. याला फक्त मदेरा नावाची वाइन. ती बनवतानाच इतकी तापवतात आणि तिला इतकी हवा लावतात, की पुढे बिघडण्यासारखं काही उरत नाही. उघडलेली बाटली महिनोन्‌महिने टिकते. खूण पहिल्या खंडात पान 47 वर, मदेरा कपाटात. दोघांनाही कशाची झळ नाही.

मराठीचा अभिमान असेल तर ‘हिंदू’ आणि नाशिकची शिराझ. कादंबरी 2010 साली आली आणि तिचं उपशीर्षक अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे, मुखपृष्ठावरच छापलंय ना. खंडेराव पुढे काय करतो, हे मात्र कुणी विचारू नये. कुणी विचारलंच तर ग्लास हळूहळू गोल फिरवावा, नाकाशी न्यावा आणि ‘थोडी अजून मुरायला हवी’ म्हणावं. कशाबद्दल बोललात ते समोरचाही विचारत नाही, त्याचंही तेच झालेलं असतं.

एक सरकारी सूचना. महाराष्ट्रात वाइन प्यायला 21 वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो. कादंबरी घ्यायला यातलं काहीच लागत नाही, त्यामुळे घरोघरी न वाचलेल्यांचे ढीग पडलेत. परवाना वर्षाचा मिळतो, आजीवनही मिळतो. प्रूस्त काढला असेल तर आजीवनच घ्या.