दान द्यायला पैसा लागतो, पण...

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचे पुढारी नाना शंकरशेट यांच्यावरचा तुमचा लेख वाचला. त्यांना नुसतं ‘दानशूर शेठ’ म्हणून लेखक मोकळे झालेत, ते खटकलं. वडिलोपार्जित पैसा होता, मान्य. १८४५ साली व्यापारी जमशेटजी जीजीभॉयांबरोबर रेल्वेसाठी खटपट केली, हेही सगळ्यांना पाठ आहे. पण १८४९ मध्ये मुलींची शाळा भरवायला स्वतःच्या वाड्यात जागा देणं, हे नुसत्या पैशाचं काम नव्हे. भाऊबंद, जातवाले काय बोलले असतील तेव्हा!

आणि सोनापूर, म्हणजे गिरगावाजवळची आजची चंदनवाडी, कसं राहिलं लेखात? सरकार तिथली स्मशानभूमी शिवडीला हलवायला निघालं होतं. गिरगावातून खांद्यावर तिरडी घेऊन शिवडी गाठायची म्हणजे गरिबांनी काय करायचं? नाना आडवे आले म्हणून ते टळलं. आमच्या चाळीतली माणसं अजूनही चंदनवाडीलाच जातात, दहा मिनिटांत.

१८६२ च्या सुमारास ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, म्हणजे आजच्या भाषेत आमदारच की.

लहानपणी बसचा कंडक्टर त्यांच्याच नावाचा ‘नाना चौक’ ओरडायचा, तेव्हा मला वाटायचं नाना म्हणजे कोपऱ्यावरचे पानवाले.