असू दे बरोबर, लागलं तर?

आमच्या घरात सामान भरायला सुरुवात झाली की हे वाक्य दर पाच मिनिटांनी कुणाच्या तरी तोंडून येतं. बहुतेक वेळा माझ्याच. छत्री? असू दे. चौथी चादर? असू दे. इस्त्री? (हो, एकदा इस्त्रीसुद्धा.) तंबूच्या रिसॉर्टला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा या 'असू दे'मुळे सामानाचे सात डाग झाले होते. माणसं चार, रात्री दोन.

गाडी पार्किंगला लागली आणि कळलं की तंबू तिथून दहा मिनिटांच्या चालीवर आहेत. वाट खडीची, पुढे गवत. चाकांच्या बॅगा विमानतळावर राणीसारख्या चालतात, पण खडीवर चाक फिरतच नाही, नांगरासारखं रुतत जातं. दोन बॅगा नवऱ्याने डोक्यावर घेतल्या. तिसरीचं चाक निखळलं ते अजून तिथेच कुठेतरी पडलं असेल.

तंबू उघडून बघतो तर आत पलंग, जाड गाद्या, माणशी दोन ब्लँकेटं, टॉवेल, दिवा, पाणी तापवायची किटली! पलंग-गाद्या सोडल्या तर यातलं बहुतेक सगळं आम्ही घरून वाहून आणलेलं. आणि जे खरंच हवं होतं ते सात डागांत कुठेच नव्हतं. शौचालय तंबूपासून लांब, वाटेवर मिट्ट काळोख, आणि चौघांच्याही पायात नाडीचे बूट. रात्री दोन वाजता मोबाइलच्या उजेडात, धाकटा घाई करत असताना, नाड्या बांधण्याचा अनुभव घेऊन बघा.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. बॅग भरायला घेण्याआधी रिसॉर्टला फोन करायचा. हलकं सामान म्हटलं की लोक कपड्यांच्या घड्या कशा घालायच्या त्याचे व्हिडिओ बघतात. घडी कशीही घाला, ब्लँकेटचं वजन तेवढंच राहतं. ते न्यायचं की नाही हे कळायला समोरच्याला विचारावंच लागतं. आपण विचारत नाही, आणि मग शंकेचं वजन खांद्यावर घेतो.

फोनवर 'सगळं आहे मॅडम' हे उत्तर मिळतंच. तिथे थांबायचं नाही, आकडे विचारायचे. पांघरुणं माणशी किती? गाडी तंबूपासून किती लांब थांबते? चार्जिंगचा पॉइंट तंबूत आहे की फक्त रिसेप्शनपाशी? वीज रात्रभर असते की जनरेटर ठरावीक वेळेलाच? शौचालय तंबूला जोडून की सामायिक? पिण्याचं पाणी भरून घेता येतं का? तंबूजवळ काही शिजवायला परवानगी आहे का? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न: 'येणारी माणसं तुमच्याकडे सारखं काय मागायला येतात?' याचं उत्तर म्हणजे तुमची अर्धी यादी. मला एकदा लगेच उत्तर मिळालं होतं, 'टॉर्च आणि चपला.' मी इकडे फोनवर मान डोलावत होते.

पाण्याचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, म्हणून त्याचा हिशेब करून दाखवते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चार माणसं, दोन दिवस, माणशी रोज तीन लिटर धरलं तर चोवीस किलो. तिथे पिण्याचं पाणी मिळतं हे एका वाक्यात कळलं तर रिकाम्या बाटल्या न्यायच्या. दुसरं काहीही वगळून एवढं वजन कमी होणार नाही.

आता थंडी. जास्तीचे कपडे आपण थंडीच्या भीतीनेच भरतो, आणि तरी रात्री कुडकुडतो. कारण अंदाज घरच्या हवेचा असतो. उंची वाढत गेली की दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. घर समुद्रसपाटीजवळ आणि मुक्काम १२०० मीटरवर असेल तर सात-आठ अंशांचा फरक धरूनच चालावं. आभाळ निरभ्र असलं की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, म्हणजे चांदण्या बघायला जी रात्र झकास, तीच सगळ्यात गार. दरीच्या तळाशी तंबू असेल तर आणखी थोडी भर, कारण गार हवा जड असते आणि उतारावरून खाली येऊन साचते. हवामानाचं ॲप जवळच्या गावाचा आकडा दाखवतं, तुमच्या डोंगराचा नाही.

ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या स्थिर हवेत असते. म्हणून एका जाडजूड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे: अंगालगत घाम सोडून देणारं, त्यावर लोकर किंवा फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड), वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. चालताना एक काढा, बसल्यावर घाला. पावसाची किंवा घामाची शक्यता असेल तिथे अंगालगत सुती नको. सुती कापड पाणी धरून बसतं आणि लवकर वाळत नाही. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेऊनही अंगाला तितकी गार लागत नाही. जीन्सबद्दल माझं मत कठोर आहे. जड, ओली झाली की दुप्पट जड, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दमट. फोटोत छान दिसते हे मान्य, ती प्रवासात अंगावर घालून या आणि तिथे काढून ठेवा.

दोन रात्रींसाठी मी आता कपड्यांचे दोनच जोड नेते. एक हिंडायचा, एक झोपायचा. झोपायचा जोड तंबूबाहेर पाऊल टाकत नाही, म्हणजे दिवसभर कितीही भिजलो-मळलो तरी रात्री अंगाला कोरडं लागतं. मोजे मात्र तीन जोड आणि एक कानटोपी. इथे मी कंजुषी करत नाही, कारण ओल्या मोज्यांनी चालून टाचेला आलेला फोड अख्खी सहल खातो.

थंडी खालूनही येते, हे मला फार उशिरा कळलं. आपण पांघरुणांवर पांघरुणं घेतो, पण पाठीखालचं कापड आपल्याच वजनाने दबून जातं आणि त्यातली हवा निघून जाते. कॅनव्हासच्या घडीच्या खाटेवर तर खालून मोकळी हवा खेळत असते. दोन ब्लँकेटं मिळाली आणि तरी थंडी वाजत असेल तर त्यातलं एक अंगाखाली घालून बघा. अंगाखाली घालायची मॅट विकत घेणार असाल तर त्यावर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते. आकडा मोठा तेवढी ती थंडी जास्त अडवते, आणि एकावर एक दोन मॅट ठेवल्या की दोन्ही आकड्यांची बेरीज होते. स्लीपिंग बॅग घेणार असाल तर तिच्या चिठ्ठीवर तीन तापमानं असू शकतात. 'कम्फर्ट'चाच आकडा बघायचा. 'एक्स्ट्रीम' म्हणजे त्या तापमानात माणूस जेमतेम तग धरेल, झोप लागेल असं नव्हे. दुकानात कधीकधी नेमका तोच आकडा ठळक दाखवतात.

थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या झडपा लावून घेऊ नका. श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि पहाटे ती थेंबाथेंबाने तोंडावर पडते. आम्ही पहिल्या रात्री तंबू गळतोय म्हणून तक्रार करायला निघालो होतो. बाहेर आभाळ स्वच्छ! आणि हे तर अगदी हात जोडून सांगते: शेकोटीतले निखारे, शेगडी, स्टोव्ह, काहीही ऊब यावी म्हणून तंबूत आणायचं नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही.

हलक्या सामानाचा विषय निघाला की मला एमा गेटवूड ही अमेरिकन आजी आठवते. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, तिने तीन हजारांहून जास्त किलोमीटरची ॲपलाचियन ही डोंगरातली पायवाट एकटीने चालून पुरी केली. पायात कॅनव्हासचे साधे बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, तीत एक ब्लँकेट, रेनकोट आणि पावसापासून आडोशाला न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. तिची नक्कल करा असं मी म्हणत नाही, ती बाई वेगळ्याच मातीची होती. पण हलकं सामान म्हणजे महागडं सामान, असं कुणी सांगायला लागलं की मी तिचं नाव काढते.

दुसरीकडे एक जमात अशीही असते जिची बॅग हलकी असते कारण तिचं सामान दुसऱ्याच्या बॅगेत असतं. आमच्यात एक आहेत, नातं सांगत नाही. छोटीशी सॅक मिरवत येतात आणि आल्या आल्या 'जरा पेस्ट दे गं', 'चार्जर कुणाकडे आहे?', 'ओडोमास मिळेल का?' अशी फेरी सुरू होते. ही काटकसर माझ्या खांद्यावरून जाते.

यावर उपाय म्हणजे सगळ्यांची मिळून एकच यादी आणि ती सांभाळणारा एकच माणूस. एक पेस्ट, एक सनस्क्रीन, एक औषधांची डबी, एक पॉवरबँक, आणि कुणाच्या बॅगेत काय ते त्याच यादीत. आम्ही चार जण आधी चार पेस्टच्या नळ्या न्यायचो. मात्र टॉर्च प्रत्येकाला वेगळी हवी, आणि ती डोक्याला बांधायची असेल तर उत्तमच, कारण रात्री शौचालयाचं दार लावताना हात मोकळे लागतात. तिच्यात लाल उजेड असेल तर तो वापरा. डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ते सगळं वाया जातं. शेजारच्या तंबूतली माणसंही दुवा देतील.

सनस्क्रीनच्या बाबतीत मी छोट्या बाटलीच्या मोहात पडले होते. सगळं अंग उघडं असेल तर मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण ३० मिली लागतं आणि दर दोन तासांनी परत लावायचं असतं. म्हणजे ती गोंडस बाटली एका वेळेची. त्यापेक्षा लांब बाह्यांचा पातळ शर्ट आणि टोपी वजनाला परवडते. सनस्क्रीन आधी लावायचं, डास पळवणारं मलम त्यानंतर. त्या मलमात डीट हे डास पळवणारं रसायन असेल तर चष्मा आणि घड्याळ जपा, ते काही प्लॅस्टिक विरघळवतं. माझ्या चष्म्याच्या काडीवर अजून बोटांचे ठसे आहेत.

पॉवरबँकवर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी तेवढं सगळं फोनला पोचत नाही, विजेचा दाब वाढवताना बरंच वाया जातं. ५,००० एमएएचचा फोन दोनदा पूर्ण भरेल असं धरू नका, सव्वा वेळा धरा. त्यापेक्षा फोन वाचवणं सोपं. रेंज नसलेल्या जागी फोन रात्रभर टॉवर शोधत बसतो आणि त्यातच संपतो. एअरप्लेन मोडवर टाका, आणि थंडी फार असेल तर पांघरुणात घेऊन झोपा, गारठ्यात बॅटरी लवकर मान टाकते. विमानाने जाणार असाल तर पॉवरबँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही.

खाण्याचं रिसॉर्टवाल्यांवर सोडलं असलं तरी आपण खाऊ नेतोच. नेऊ द्या, पण झोपायच्या तंबूत ठेवू नका. उंदीर-मुंग्यांपासून मोठ्या जनावरांपर्यंत सगळ्यांना वास लागतो आणि तंबूचं कापड त्यांना अडवत नाही. गोड वासाची पेस्टही त्यातच आली. ऑफिसात किंवा गाडीत ठेवायची सोय आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यायचं.

औषधांना मात्र माझे हे सगळे नियम लागू नाहीत. रोजच्या गोळ्या एक दिवस जास्तीच्या, आणि त्या मोठ्या बॅगेत नाही, अंगाजवळच्या पर्समध्ये. ओआरएसची दोन पाकिटं. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरच पाणी घ्यायचं, 'अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात' असं अंदाजाने नाही. इथे 'असू दे बरोबर, लागलं तर' मी स्वतःच म्हणते.

परत आल्यावर सामान जागेवर लावण्याआधी मी त्याचे तीन ढीग करते. वापरलं, नाही वापरलं, आणि तिसरा ढीग कागदावर, म्हणजे जे नव्हतं आणि हवं होतं ते. औषधं आणि रेनकोट सोडून दुसऱ्या ढिगातलं जे सलग दोन सहलींत तिथेच दिसलं, ते तिसऱ्या वेळी घरी राहतं. असं करत करत आमचे सात डाग तीनवर आलेत. छत्री गेली, चादरी गेल्या. इस्त्रीबद्दल तर घरात बोलायलाही बंदी आहे. तिसऱ्या ढिगाने दिलेल्या वस्तू फार थोड्या: रबरी चपला, कपडे वाळत घालायला दोरी, चार चिमटे, आणि दोन मोठ्या कचऱ्याच्या पिशव्या. एक पिशवी बॅगेच्या आत अस्तरासारखी, पावसात सगळं कोरडं राहतं. दुसरी येताना ओल्या-मळक्या कपड्यांसाठी.

निघतानाच बॅग गच्च भरू नका. जाताना जेमतेम बसलेलं सामान येताना बसत नाही, कारण दमट कपडे फुगतात आणि सकाळच्या घाईत घडी कोण घालतंय? वरचा चार बोटं भाग मोकळा ठेवा. आणि निघण्याआधी टॉर्च लावून पलंगाखाली एकदा, पॉइंटपाशी एकदा बघा. चार्जर हमखास तिथेच राहतो. माझे आतापर्यंत दोन राहिलेत.