चालू मागातला हात

नमस्कार काका,

(साठी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो.)

वडगावच्या त्या तरुण मुलीनं कापड विणायच्या मागाचे फोटो मांडणी करून काढले, त्यांवर मी लिहिलं आणि तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: धूर विकतचा, पाऊस पाइपचा, मागावर बसलेली बाई तिची आत्या. फोटो म्हणजे घडलेलं टिपणं, हे तर नाटक. त्यात माग भंगारात निघालेले असताना त्यांच्यावर रोषणाई करायची म्हणजे थट्टाच. आणि शेवटी एक ओळ: ‘चालू मागात हात घालून कोण बसतं? माझ्या वडिलांचा माग होता, म्हणून विचारतो.’

ती ओळ झोंबली. तिच्याकडे नंतर येतो.

आधी नाटकाचं. वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते, तेव्हा तुम्हीही रस्त्याच्या कडेला उभे असणारच. ट्रॉलीवर थर्माकोलचा किल्ला, गल्लीतली पोरं मावळे, मागं जनरेटर धडधडतोय. अफजलखान पोट धरून कोसळतो आणि ट्रॉली पुढं सरकली की उठून पाणी पितो. त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. ही मुलगी तेच बघत वाढली. पहिलं लाइटिंग तिनं मंडळाच्या देखाव्यावरच केलं, मंडपवाल्याच्या हॅलोजनला लाल जिलेटिनचा कागद लावून.

घरातले जुने फोटोही काढून बघा. माझे आजोबा रंगवलेल्या पडद्यासमोर, राजवाड्याच्या जिन्याशी उभे आहेत. मनगटावरचं घड्याळ स्टुडिओवाल्याचं.

फोटोग्राफी जगापुढं आली १८३९ साली. दुसऱ्याच वर्षी इपोलित बायार नावाच्या फ्रेंच माणसानं बुडून मेल्याचं सोंग घेऊन स्वतःचा फोटो काढला. सरकारनं फोटोची दुसरी पद्धत काढणाऱ्या दागेरला डोक्यावर घेतलं आणि आपल्या पद्धतीला विचारलं नाही, हा त्याचा राग. म्हणजे हे नाटक कॅमेऱ्याइतकंच जुनं. आता उलट बाजू बघा. क्रिमियाच्या युद्धात, १८५५ साली, रॉजर फेंटननं एकाच घळीचे दोन फोटो काढले. एकात तोफगोळे रस्त्यावर विखुरलेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा. कॅमेरा तिथंच. गोळे कुणी हलवले यावर लोक अजून भांडतात. मला संशय येतो तो अशा ठिकाणी, कारण तिथं मांडामांड झाली असेल तर ती सांगितलेली नाही. आमच्या मुलीनं फोटोखाली सरळ लिहिलंय, ‘मांडणी, तीन संध्याकाळी’.

बेंगळुरूच्या कलावंत पुष्पमाला एन. यांनी फोटोग्राफर क्लेअर आर्नी यांच्याबरोबर २००० ते २००४ या काळात केलेली मालिका मिळाली तर जरूर बघा. त्यात त्या रविवर्म्याच्या चित्रातली बाई होतात आणि इंग्रजांच्या काळात चौकटीच्या पडद्यासमोर मापं घ्यायला उभी केलेली, निलगिरीतल्या तोडा जमातीची बाईही होतात. तो पडदा बघितला की कळतं, साहेबाचा ‘खरा’ फोटोसुद्धा मांडलेलाच होता.

आता धूर. मी एका संध्याकाळी तिथं होतो. दिवेलागणीला पंधरा-वीस मिनिटं अशी येतात, की खिडकीबाहेरचा निळा उजेड आणि आतला पिवळा बल्ब एकमेकांच्या तोडीचे होतात. त्याआधी खिडकी पांढरीफटक, नंतर काळी. तेवढ्यासाठी दुपारपासून मांडामांड, आणि ढग आले की त्या दिवसाचं सगळं पाण्यात. (पाइपचा पाऊस मलाही आवडला नाही. फुकाचा थाट.) धूर मात्र लागतो. झोत हवेत दिसायचा तर त्याच्या वाटेत काहीतरी तरंगायला हवं. माग चालू असतो तेव्हा सुताचा बारीक भुगा ते काम करतो. ह्या खोलीतला माग कधीच थांबलाय, भुगा आणायचा कुठून? धूर सोडल्यावर आत्या खोकत खोकत हसली. म्हणाली, ‘‘माग होता तवा पण असाच खोकला यायचा की ओ.’’ थट्टेचा मुद्दा मला तिथंच संपल्यासारखा वाटला. तुम्हाला वाटणार नाही कदाचित.

पण हाताचं तुमचं बरोबर आहे. रस्त्यावर झटक्यात टिपलेल्या फोटोत काही चुकलं तर ‘तसंच होतं, मी काय करू’ म्हणता येतं. मांडलेल्या फोटोत ती पळवाट नाही. कॅलेंडर तिनं लावलं, बल्ब तिनं निवडला, मग हातही तिनंच ठेवला. धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारी लाकडी नळी, ह्या टोकाकडून त्या टोकाला दणक्यानं जातो, त्याच्या वाटेत बोटं ठेवली तर बोटं जातील. फोटोत माग चालू दाखवलाय आणि आत्या धोट्यावर हात ठेवून निवांत बसलीय. मी त्या हातावर पडलेल्या उजेडाचं कौतुक केलं आणि हात कुठं आहे ते बघितलंच नाही. खरं म्हणजे आत्यानं जन्मभर कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळलं. माग चालवला तिच्या नवऱ्यानं. तिला कांड्या भरतानाच दाखवायला हवं होतं. पण माग फ्रेममध्ये भारदस्त दिसतो ना.

तुमची ओळ मी त्या मुलीला वाचून दाखवली. बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं, ‘‘त्यांच्याकडं वडिलांचा धोटा आहे काय ओ अजून?’’ तिच्याजवळचा शोभेच्या दुकानातून आणलेला आहे.

मिरवणूक झाली की मंडपवाल्याचे हॅलोजन मोकळे होतात, तेव्हा ती हा फोटो परत काढणार आहे. माळ्यावर धोटा सापडला तर घेऊन या. दिवेलागणीच्या तासभर आधी पोचा, नंतर ती कुणाशी बोलत नाही.