जळालेला पपायरस आणि न जळालेला

"जोसेफ स्मिथनं ज्यावरून 'अब्राहामाचं पुस्तक' भाषांतरित केलं तो पपायरस १८७१च्या शिकागोच्या आगीत जळाला, त्यामुळे त्याला खोटं ठरवणं अशक्य. चित्रांचे अर्थ त्यानं अचूक सांगितले. उलट बोलणारे सगळे मॉर्मनद्वेष्टे." हा मजकूर फिरत फिरत भाचीच्या फोनवर पोहोचला. तिनं विचारलं, "मावशी, खरंय का हे?" नाही गं. स्मिथ म्हणजे अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या चर्चचा संस्थापक. बायबलमधल्या अब्राहामानं लिहिलेला मजकूर इजिप्तच्या पपायरसवर (लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर) सापडला, असं सांगून त्यानं हे पुस्तक काढलं, सोबत तीन इजिप्शियन चित्रं आणि त्यांचे अर्थ.

आधी आग. १८३५ मध्ये ओहायोतल्या कर्टलंडला स्मिथ आणि त्याच्या माणसांनी २४०० डॉलर मोजून चार ममी आणि सोबतच्या गुंडाळ्या घेतल्या. त्यातलं काही शिकागोच्या संग्रहालयात गेलं आणि जळालं, एवढं कबूल. बाकीचे तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात निघाले आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये चर्चकडे परत आले. ओळख पटवायला डोकं खाजवावं लागलं नाही. तुकडे डकवलेल्या कागदांवर कर्टलंड परिसराचे नकाशे आहेत आणि सोबत स्मिथच्या विधवेच्या सहीची १८५६ची विक्रीची चिठ्ठी. पुस्तकातल्या पहिल्या चित्राचं मूळही त्यातच आहे. ते होर नावाच्या पुजाऱ्याच्या मरणोत्तर प्रवासासाठी लिहिलेल्या गुंडाळीचा भाग आहे, तेही अब्राहामाच्या मानल्या जाणाऱ्या काळानंतर दीड-दोन हजार वर्षांनी.

मग स्मिथचे समर्थक म्हणतात, खरा मजकूर हरवलेल्या भागात होता. गुंडाळी एकाच जागी खराब झाली की तीच खूण दर वेढ्याला उमटते आणि आत जाताना खुणांमधलं अंतर घटत जातं. ते किती घटतं यावरून उरलेली लांबी निघते. जॉन गी या मॉर्मन इजिप्त-अभ्यासकाच्या हिशोबानं ती ४१ फूट. अँड्र्यू कुक आणि ख्रिस्तोफर स्मिथ या अभ्यासकांच्या २०१०च्या मोजणीत जेमतेम ५६ सेंटिमीटर. वाद मापांचा आहे, पण ५६ सेंटिमीटरमध्ये होरच्याच मजकुराचं शेपूट मावतं.

चित्रांच्या 'अचूक' अर्थाचं तर हसूच येतं. तिसरं चित्र उघडा. आकृती २ला स्मिथनं 'राजा फारो' म्हटलंय आणि त्याचं नाव डोक्यावरच्या अक्षरांत आहे असंही सांगितलंय. ती बाई आहे! अंगात लांब झगा, डोक्यावर शिंगं आणि मधे सूर्यबिंब, म्हणजे इजिप्तची देवी आयसिस. वरच्या अक्षरांतही तेच नाव वाचतात. आकृती ४, 'फारोचा राजपुत्र', म्हणजे डोक्यावर पीस खोचलेली 'मात' नावाची, तीही देवीच. आकृती ६चा 'ओलिमला नावाचा गुलाम' म्हणजे अनुबिस, मृतांना नेणारा देव. एक आकृती चुकली तर नजरचूक म्हणता आलं असतं.

राहिले द्वेष्टे. होरच्या गुंडाळीचं २००२ मधलं भाषांतर मायकल ऱ्होड्स या मॉर्मन अभ्यासकाचं आहे. आणि चर्चनंच २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मान्य केलंय की उरलेल्या तुकड्यांवर अब्राहामाचं नावही नाही आणि मॉर्मन असोत वा नसोत, इजिप्तविद्येचे अभ्यासक सांगतात की तिथली अक्षरं पुस्तकातल्या भाषांतराशी जुळत नाहीत. पपायरस कदाचित दैवी प्रेरणेला निमित्त ठरला असेल, अशी वाट त्यात मोकळी ठेवली आहे. श्रद्धावंतानं ती खुशाल धरावी. त्या वाटेला शिकागोची आगही लागत नाही.

भाचीला तोच निबंध पाठवलाय.