‘संकटात संधी’ म्हणणाऱ्यांनो, एकदा आमच्या प्रेसवर या

आज जळगावला एका उद्योजक मेळाव्याला गेलो होतो. स्टेजवरचे साहेब म्हणाले, "कोरोनात जे बदलले नाहीत ते संपले. संकट हीच संधी." टाळ्या पडल्या. माझे हात उचललेच नाहीत. अमळनेरला घरी पोचेपर्यंत डोकं तापलेलं होतं, म्हणून लिहितोय.

आमची लग्नपत्रिकांची छोटी प्रेस. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपासची लग्नं म्हणजे आमची वर्षाची कमाई. २०२० ची आखाजी २६ एप्रिलला होती आणि २५ मार्चला लॉकडाऊन लागला. एरंडोलकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीच्या ४०० पत्रिका छापून, गठ्ठे बांधून तयार होत्या. पिवळं कार्ड, लाल शाई, खाली ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ कार्ड उधारीवर आणलेलं. छापलेलं कार्ड कोणता होलसेलवाला परत घेतो? यात कुठली संधी होती, सांगा ना!

मे महिन्यात तातडीच्या कर्जाची घोषणा झाली, तीन लाख कोटींची. बँकेत गेलो तर कळलं, २९ फेब्रुवारीला ज्याच्या नावावर आधीच कर्ज होतं त्यालाच, तेही त्या दिवशी फेडायच्या राहिलेल्या रकमेच्या २० टक्के. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, जन्मात कर्ज काढलं नाही. तीच आमची चूक ठरली! हप्ते सहा महिने पुढे ढकलले, त्याने कितीतरी जणांना दम खाता आला, हे मान्य. पण व्याज चालूच होतं ना.

तगलो ते किराणावाल्याने वही बंद केली नाही म्हणून. होलसेलवाल्याने दिवाळीपर्यंत तगादा लावला नाही म्हणून. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. मशीनवरचा पोरगा अर्ध्या पगारावर थांबला, त्याचं ऋण अजून डोक्यावर आहे.

आणि तो शेतकरी. मे संपता संपता मोटरसायकलवर आला, तोंडाला रुमाल. आम्हाला वाटलं, अ‍ॅडव्हान्स मागायला आला. आप्पांनी गल्ल्यातून पैसे काढूनही ठेवले होते. तर त्यानेच खिशातून उरलेली रक्कम काढून काउंटरवर ठेवली. म्हणाला, "आप्पा, तुम्ही ते छापी दिध्यात ना! लगीन नही व्हयनं, त्यामा तुमना काय दोष?" त्याचा स्वतःचा कापूस तेव्हा घरात पडून होता हो!

जूनमध्ये पन्नास माणसांत लग्न झालं. आप्पांनी रात्री बसून पन्नास कार्डांवर नव्या तारखेच्या पट्ट्या चिकटवल्या. एक रुपया घेतला नाही.

पुढच्या वर्षी तर पंचवीस माणसं आणि दोन तास. पत्रिका छापतो कोण? तेव्हा मी मोबाइलवरच्या पत्रिका बनवायला शिकलो, आजही त्यावर बरंच घर चालतं. साहेब, तेवढं तुमचं खरं. पण शिकायला जिवंत राहावं लागतं, आणि तेवढे दिवस आम्हाला कोणी जगवलं, ते तुमच्या भाषणात कुठेच आलं नाही.

त्या पत्रिका आप्पांनी रद्दीत घातल्या नाहीत. आज घरी आलो तर त्यातल्याच एकीच्या कोऱ्या बाजूवर ते उद्याच्या कामाचा हिशेब मांडत होते. अजून दोन गठ्ठे शिल्लक आहेत.