बसवा की एसी, काय होतंय!

उन्हाळा तोंडावर आलाय आणि दारात वडिलांची बिनएसीची मारुती ८०० उभी आहे? मग नवी गाडी कशाला? हिलाच कंपनीचा एसी बसवून घ्या. मी साताऱ्यात नुकताच बसवून घेतलाय, तेव्हा सल्ला द्यायचा अधिकार माझाच.

सामान नवं घेऊ नका. भंगारातल्या गाडीचा अख्खा सेट मिळतो: कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल, पाइप. त्या पाइपांची तोंडं किती पावसाळे उघडी होती, हे विचारणं शोभत नाही.

डॅशबोर्ड खोलताना तिथं थांबू नका. बघवत नाही.

उरलेले स्क्रू डबीत घालून मिळतात. माझे सतरा.

आयडल-अपचा, म्हणजे एसी लावल्यावर उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग वाढवणाऱ्या जोडणीचा, हट्ट नको. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जेमतेम ३७ घोडे, आणि त्यांच्याच जिवावर कॉम्प्रेसर फिरवायचा. पोवई नाक्याच्या गर्दीत एसी लावला की गाडी आपोआप बंद पडते. पेट्रोल वाचतं. कंडेन्सरला वेगळा फॅनही नको. खंबाटकी घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लालवर गेला की एसी बंद, काचा खाली. वारा फुकट.

आता गॅस. सेट आर-१२ या जुन्या गॅसच्या जमान्यातला, भरला आर-१३४ए. कॉम्प्रेसरमधलं जुनं मिनरल तेल या गॅसबरोबर फिरत नाही, वेगळं तेल लागतं, रबरी रिंगाही बदलाव्या लागतात, पण एवढं कोण बघतंय! मी मेकॅनिकला भीतभीत विचारलं, ‘‘व्हॅक्यूम मारला ना?’’

‘‘मारला की सायेब, पाच मिन्टं.’’

पाइपांतली हवा आणि ओलावा पंपानं ओढून काढायला पाच मिनिटं! चहा तरी होतो का पाच मिनिटांत? पाइपात राहिलेला ओलावा कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकात गोठतो आणि गॅसची वाटच अडवतो. त्यामुळे आमची गाडी शेंद्र्यापर्यंत महाबळेश्वर आणि नागठाण्यापर्यंत भट्टी. एसी बंद करून थोडं थांबा, बर्फ वितळतो, परत दहा मिनिटं गार. तीनदा परत नेली, तीनदा एकच उत्तर: ‘‘गॅस कमी झालाय, भरून घ्या.’’ तिन्ही वेळा पैसे माझे.

अरे, गॅस कमी झाला असता तर थांबल्यावर परत गार कशाला झालं असतं? ओलावा शोषणारा नवा ड्रायर टाकायचा, पाऊण तास पंप चालू ठेवायचा, बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर राहतो का बघायचं, मग गॅस सोडायचा. यात कुठं रॉकेट उडवायचं होतं? पाऊण तास बसायची तयारी नसेल तर ‘कंपनीसारखं फिटिंग’ असली पाटी उतरवा. आणि आपणही कमी नाही. ‘‘थोडं कमी करा, संध्याकाळी गावाला निघायचंय’’ म्हणत त्याच्या डोक्यावर मीच उभा होतो ना!

परवा बायको म्हणाली, ‘‘अहो, माझ्या पायावर पाणी ठिबकतंय.’’ ड्रेनचा पाइप जोडायचाच राहिलाय. सध्या तिच्या पायाशी पातेलं आहे.