पाहुण्यांना शहर दाखवायचं का साडीचं दुकान?

रात्रीचे साडेअकरा झालेत. पाहुणे झोपले. मला काही झोप येईना म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांब होणार आहे.

संध्याकाळी जेवताना भाचा म्हणाला, "मामी, तुमच्याकडं साड्या सोडून बघण्यासारखं काय आहे?" सोळा वर्षांचं लेकरू. चेष्टा करत नव्हता, खरंच विचारत होता. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

ज्या गावात, आपल्या छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत), मी जन्मले, बेगमपुऱ्यात ज्या गच्चीवरून बीबी का मकबऱ्याचे मिनार दिसायचे आणि त्या मिनारांची सावली बघत आम्ही पापड वाळवायचो, त्या गावाबद्दल माझ्याच ताटावर बसून कुणी हे विचारावं? आणि चूक त्याची नाही. आज दिवसभर त्याला दाखवलं ते बघून दुसरं कुणीही हेच विचारलं असतं.

झालं असं. नणंदबाई, त्यांचे मिस्टर आणि भाचा पुण्याहून आले. पहिल्यांदाच निवांत आले. आमच्याकडं गाडी नाही, यांना आज ड्यूटी. म्हटलं, रिक्षाची ओढाताण नको, लेकराला नीट माहिती मिळू दे. ओळखीतून एक एजंट मिळाला. खासगी गाडी, खासगी गाइड, पूर्ण दिवस, साडेपाच हजार. तिकिटं वेगळी. पैसे माझे. यजमानीणबाई म्हणून मीही गाडीत बसले, त्यामुळं ऐकीव काही सांगत नाहीये.

नऊला निघालो. वेरूळला पोहोचल्यावर गाइड म्हणाला, "एकूण 34 लेणी, 12 बौद्ध, 17 हिंदू, 5 जैन. आपण कैलास करू, बाकी सगळी सारखीच आहेत." बाकी सगळी सारखीच! दहा नंबरचं लेणं, ज्याला लोक सुतार की झोपडी म्हणतात, तिथं छताला दगडातच लाकडाच्या तुळया कोरल्यात. दगडात लाकडाची कशाला गरज? एवढा एक प्रश्न विचारला असता तरी भाचा तासभर तिथून हलला नसता. बत्तीस नंबरची इंद्रसभा तर त्याला नावानंसुद्धा कळली नाही. कैलासात पन्नास मिनिटं. त्यातली वीस फोटोत. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय, आधी शिखर आणि शेवटी जोतं, छिन्नी एकदा चुकली की दगड परत चिकटवायची सोय नाही, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं काम. हे मी सांगितलं. रावण कैलास हलवतोय तो देखावाही मीच दाखवला. पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, मागं एक दासी पळत सुटलीय, आणि शंकर पायाचा अंगठा दाबून निवांत बसलाय. भाचा त्या पळणाऱ्या दासीकडं बघतच राहिला. तेवढ्यात गाइडनं घड्याळ दाखवलं.

मग दौलताबाद. "वर चढायला दीड-दोन तास जातील, मॅडम. खालून चांद मिनार छान दिसतो." खालून!

इथं मला अण्णांची गोष्ट सांगायलाच पाहिजे. सकाळपासून तीच डोक्यात आहे.

1988 साल. मी सहावीत. परभणीहून आतेभाऊ आला होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. अण्णा तहसीलमध्ये कारकून. त्यांनी आम्हा दोघांना एसटीनं दौलताबादला नेलं आणि पायथ्याशी एक म्हातारे गाइड केले. पांढरी दाढी, डोक्याला टोपी, पायात टायरच्या चपला. पंधरा रुपये ठरले. आईला कळलं तेव्हा तिनं दोन दिवस अबोला धरला, कारण त्या काळी पंधरा रुपयांत आमच्या घरी आठवड्याची भाजी यायची.

त्या बाबांनी आम्हाला अंधारीत नेलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, डोंगराच्या पोटातून कोरलेला वाकडातिकडा काळोखा बोगदा आहे, किल्ल्यावर जायची वाट त्यातूनच. हातात टेंभा. मध्यावर आल्यावर ते म्हणाले, "अब कोई बोलेगा नहीं," आणि टेंभा घेऊन वळणापलीकडं निघून गेले. काळंकुट्ट. वटवाघळांचा उग्र वास. कुठंतरी थेंब पडत होता. अण्णांचा हात मी गच्च धरला. मग एकदम एका बाजूनं उजेड दिसला. आतेभाऊ सुटला त्या उजेडाकडं धावत, आणि बाबांनी त्याला खसकन धरलं, "गया ना बेटा तू!" तिथं उघडं भोक, खाली खंदक. शत्रूला पण असाच उजेड दिसायचा, तो पण असाच धावायचा.

देवगिरी, म्हणजे हाच दौलताबादचा किल्ला, हल्ला करून घेता येत नाही हे आम्ही दोघं त्या दिवशी शिकलो, आणि मरेपर्यंत विसरणार नाही. मग वर बसून त्यांनी इथल्या यादव राजाची, रामदेवरायाची गोष्ट सांगितली. 1296 ला अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, किल्ल्यात धान्य समजून भरलेली पोती निघाली मिठाची, असं सांगतात. बाबा मिठाच्या पोत्यांपाशी आले आणि गप्प झाले. आमच्याकडं बघत राहिले. परभणीचा पोरगा रडायच्या बेताला आला होता.

आणि आज माझा भाचा खालून बघतोय. चांद मिनारसमोर सेल्फी. मुहम्मद तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीहून राजधानी इथं आणली, गावाचं नाव बदलून दौलताबाद केलं, एवढं एका वाक्यात उरकलं आणि गाडीत बसा.

मला वाटलं वेळ वाचवतोय तो मकबऱ्यासाठी. पण गाडी थांबली साडीच्या शोरूमसमोर. पुढं एक माग मांडलेला, त्यावर एक आजोबा बसवलेले, आत एसी हॉल. चहा, कोल्ड्रिंक, गादीवर साड्यांचा ढीग. एक तास चाळीस मिनिटं! मी घड्याळ लावून बघत होते. कैलासाला पन्नास आणि या हॉलला शंभर.

ताईंना एक हिरवी पैठणी आवडली. अठरा हजार. मी पदर हातात घेतला आणि उलटा केला. आईनं शिकवलेलं एवढंच आहे, पैठणी उलटी करून बघायची. मागावरच्या खऱ्या पैठणीचा मोर पुढून जसा तसाच मागून, नक्षी हातानं गुंतवत विणलेली असते. या पदराच्या मागं सुटे धागे लोंबत होते, कापलेले, मशिनवर काढलेल्या नक्षीसारखे. मी ताईंना दाखवलं. त्यांनी साडी खाली ठेवली. काहीच घेतलं नाही.

आणि तिथून गाइडचं तोंड बंद झालं.

मकबऱ्यात पंचवीस मिनिटं. दारातच म्हणाला, "हा गरिबांचा ताजमहाल," आणि फोनवर बोलत बाजूला गेला. हे ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. कुणाचा गरिबांचा? 1657 मध्ये औरंगजेबाची बायको दिलरस बानू बेगम बाळंत झाली आणि महिन्याभरात गेली. पोरगा तान्हा. तिची ही कबर आहे. जाळीतून खाली वाकून बघा, वर संगमरवराचा कट्टासुद्धा नाही, नुसती माती आणि तिच्यावर कापड. त्या मातीवर आपले लोक नाणी फेकतात आणि वर आग्र्याशी तुलना करतात. अताउल्ला आणि हंसपतराय, बांधणाऱ्या दोघांची नावं दरवाज्यावर आहेत. एक मुसलमान, एक हिंदू, साडेतीनशे वर्षांपासून शेजारी शेजारी. खर्च 6 लाख 68 हजार 203 रुपये 7 आणे, आण्यापर्यंत हिशेब लिहिलेला! हे सांगायला कुठल्या कमिशनची गरज आहे? घुमट संगमरवरी आणि मधल्या भिंती काळ्या दगडाच्या, वरून चुन्याचा गिलावा, हे बोट लावून दाखवायला किती वेळ लागतो?

पाणचक्की गाडीच्या काचेतून दाखवली. गाडीच्या काचेतून!

खूप चिडले होते मी. त्या गाइड पोराला चार शब्द सुनवायचे हेच डोक्यात होतं. ताई आणि मिस्टर गेटजवळ फोटो काढत होते तेवढ्यात मी त्याला टपरीवर चहाला बोलावलं. म्हटलं, काय रे, तुला काहीच येत नाही का?

त्यानं मान खाली घातली. चोवीस-पंचवीसचा असेल. कन्नड तालुक्याकडचा. एम. ए. इतिहास, आपल्याच विद्यापीठातून. म्हणाला, "मॅडम, तुम्ही दिलेल्या पैशांतले मला सातशे मिळतात. दुकानात काही घेतलं तर वरचे सुटतात. दुकान चुकवलं तर उद्यापासून फोन येत नाही."

मी गप्प.

मग सहज विचारलं, तुझा विषय काय होता? आणि ते पोरगं बदललं हो. मलिक अंबर! हबशी, इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झालेला. 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आपलं शहर. 1612 चं भडकल गेट त्यानं मुघलांना हरवल्याच्या आठवणीत बांधलं. त्याच्या मुलानं फतेहनगर केलं, मग औरंगजेबानं 1653 मध्ये औरंगाबाद, आणि आत्ताचं नाव आपल्या डोळ्यासमोर झालं. पण तो पोरगा नावांवर थांबलाच नाही. तो पोहोचला नहरीवर. नहर-ए-अंबरी. उत्तरेच्या डोंगरात झिरपणारं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर, गावात आणलं. ना पंप, ना वीज. चहाच्या ग्लासनं टेबलावर पाणी सांडून त्यानं मला उतार दाखवला. बोटानं रेघ ओढत नेली, पाणी मागं मागं आलं. "असं, मॅडम. एवढाच उतार." दहा मिनिटं बोलला. चहा गार.

माझ्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. ड्रम भरून ठेवते मी बाथरूममध्ये, पाहुणे आले म्हणून यावेळी टँकर मागवला. आणि चारशे वर्षांपूर्वीचा माणूस हे करून गेला, हे मला या गावात पन्नाशीला येऊन एका टपरीच्या टेबलावर कळलं. पोरगं सांगत होतं तेव्हा माझा भाचा बाजूला मोबाइलवर बसलेला. हे त्याच्यासाठी होतं ना? त्याच्या वाट्याला साडीचं दुकान आलं.

आता कुणीतरी कमेंटमध्ये म्हणेल, एका दिवसात एवढंच होतं. बरोबर आहे, मान्य. बाहेरून येणाऱ्याकडं एकच दिवस असतो. दुकानांवर विणकरांची पोटं आहेत, तेही मान्य, हिमरू, आपल्याकडचं ते रेशीम-सुताचं विणकाम, जगला पाहिजे असं मलाही वाटतं. पण मग विणकराच्या घरी न्या की. नेत का नाहीत?

आणि खरं बोलायचं तर मीसुद्धा काय केलं? साडेपाच हजार म्हटल्यावर मी पाच करा म्हणून अर्धा तास घासाघीस केली. गाइडला किती मिळणार, हे विचारलंच नाही. गाडी एसी आहे का, हे विचारलं. पायथ्याच्या त्या बाबांना अण्णांनी पंधरा रुपये थेट हातात दिले होते, मध्ये कुणी नव्हतं. उतरताना बाबांनी आम्हाला फाट्यावर दोन सीताफळं घेऊन दिली. स्वतःच्या पैशानं. पंधरातले किती गेले असतील त्यात? आईला हे अण्णांनी सांगितलं नाही. मी मोठी झाल्यावर सांगितलं.

अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. आज अंधारीच्या बाहेरून परत फिरताना मला त्यांचा हात आठवला आणि मी गाडीत रडले. ताईंना वाटलं ऊन लागलं.

आता तुम्हाला सांगते, माझ्या मित्रयादीत निम्मे लोक इथलेच आहात. तुमच्याकडं पाहुणे येतात, लग्नाला येतात, दिवाळीला येतात. एजंटला फोन करू नका. रिक्षा करा, स्वतःची गाडी काढा, आणि बोलणारा माणूस थेट शोधा. त्याच्या दिवसाचे पैसे पूर्ण द्या, घासाघीस न करता, आणि सकाळीच सांगा की दुकानाकडं गाडी वळवायची नाही. जागा दोनच घ्या. मकबरा आणि पाणचक्की. किंवा नुसतं दौलताबाद, अगदी वरपर्यंत. कैलास बघायला अख्खा दिवस लागला तर लागू द्या, वेरूळ कुठं पळून जात नाही. मंगळवारी तेवढी लेणी बंद असतात.

ताई उद्या दुपारच्या गाडीनं जाणार होत्या. आत्ता मिस्टरांशी बोलून एक दिवस वाढवून घेतला. भाच्याला अजून सांगितलं नाही.

मी त्या पोराला मेसेज टाकला. एजंटशिवाय, दीड हजार, सकाळी साडेसहा ते बारा, भडकल गेटपासून पायी, दुकान नाही. सोबत सोळा वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला प्रश्न विचारत राहा, उत्तर लगेच देऊ नको.

आत्ता त्याचा रिप्लाय आला. "येतो मॅडम. सगळ्यांना बूट घालायला सांगा, नहरीकडं काटे आहेत."